मदत हवी आहे : दुसरं सिझर, स्पायनलला (पाठीतल्या इंजेक्शनने देतात ती भूल) हेवी की साधं औषध?

नमस्कार. मी सिंहगड रोडला राहते. ३७वा आठवडा चालू आहे, पुढच्या गुरुवारी दुसरं सिझर ठरलंय. शनिवारी भूलतज्ज्ञांकडे तपासणी आहे. तिथे काय काय विचारू?

पहिल्या वेळी (पुण्यातच) पाठीत इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन मिनिटांत बीपी उतरलं, उलटी झाली. बाळ छान होतं. पण शेवटी टाके घालताना चक्क दुखलं. मी सांगत होते, तर "थोडं होतंच" एवढंच उत्तर मिळालं. ते अजून मनातून गेलेलं नाही. माझी उंची ४ फूट ११ इंच. औषध जास्त झालं म्हणून बीपी उतरलं म्हणावं, तर मग शेवटी दुखलं कसं?

या वेळचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "हेवी देऊ, सोबत थोडं फेंटानिल (वेदनाशामक)." बाळाला त्याचा त्रास नाही ना? सासूबाईंचं म्हणणं, पूर्ण भूल घे, पाठीतल्या सुईने कंबर कायमची धरते.

प्रतिसाद १
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. हेवी म्हणजे ०.५ टक्के बुपिव्हाकेन (सुन्न करणारं औषध), त्यात डेक्स्ट्रोज म्हणजे साखर घातलेली; साध्यात ती नसते. ते मणक्यातल्या पाण्याहून जड असतं, त्यामुळे टेबल कलतं करून ते किती वर चढतं यावर थोडा ताबा ठेवता येतो. साध्या औषधाचा तेवढा नेम नसतो. म्हणून सिझरला बहुतेक ठिकाणी हेवीच देतात, साधारण १० ते १२ मिलिग्रॅम.

तुमची शंका रास्त आहे. बीपी उतरतं ते रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे, आणि ते दोन्ही औषधांत होतं. डोस कमी केला तर बीपी सांभाळतं, पण भूल अपुरी पडायची भीती वाढते. त्यातून दुसऱ्या सिझरला आतली चिकटण सोडवण्यात वेळ जाऊ शकतो. फेंटानिल (१० ते २५ मायक्रोग्रॅम) त्यासाठीच घालतात, भूल पक्की बसते. इतक्या कमी मात्रेतलं बाळापर्यंत फारसं पोहोचत नाही. तुम्हाला थोडी खाज येईल.

तेव्हा बाटली कोणती यापेक्षा हे विचारा : बीपी उतरू नये म्हणून फेनिलेफ्रिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) सुरुवातीपासून लावणार का? चीर देण्याआधी सुन्नपणा छातीपर्यंत चढलाय हे थंड स्पर्शाने तपासणार ना? आणि मध्येच दुखलं तर काय देणार? ओढ जाणवणं ठीक, दुखणं सोसायचं नाही. मागच्या वेळचं सगळं त्यांना आवर्जून सांगा, जुना भुलेचा कागद मिळाला तर न्या.

कंबरेचं म्हणाल तर सुईच्या जागी काही दिवस हुळहुळतं. कायमचं दुखणं त्या सुईने येत नाही. पूर्ण भूल सिझरला शक्यतो टाळतात, सासूबाईंना तसं सांगा.

धागालेखिका
खूप आभार डॉक्टर. फाईलमध्ये नुसतं डिस्चार्ज कार्ड आहे, भुलेचा कागद नाही. उद्याच नवऱ्याला रेकॉर्ड रूमला पाठवते. दुखलं तर काय देणार, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारणार.