भाष्य कधी उघडायचं?

बायबल वाचताना भाष्य, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडणारं पुस्तक, हाताशी घेतलं की मूळ वचन बाजूलाच राहतं, ही तक्रार मला पटते. पण दोष क्रमाचा आहे. मी आधी अख्खा अध्याय दोनदा वाचते, अडेल तिथे खूण करते, मगच भाष्य उघडते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला नव्याने जन्म घ्यायला हवा असं सांगतो, तेव्हा तो 'पुन्हा आईच्या उदरात कसं शिरायचं?' असलं काहीतरी का विचारतो, मला कळतच नव्हतं. भाष्यात उलगडलं: येशूच्या वाक्यातल्या मूळ ग्रीक 'अनोथेन' या शब्दाचे अर्थ दोन, 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेम पहिलाच धरून बसतो! त्याच अध्यायात ३१व्या वचनात मात्र तो शब्द सरळ 'वरून' असा येतो. भाषांतराला एकच अर्थ निवडावा लागतो, तिथेच ही गंमत सांडते. आणि हो, भाष्याची प्रस्तावना वगळू नका. लेखकाचा कल बहुतेकदा तिथेच कळतो.