चौदा वर्षांच्या भाच्याला दिवाळीला काय द्यावं

भाचा बुद्धिबळ खेळतो आणि दीड हजारात त्याला स्मार्टवॉच द्यावं का, असं तुम्ही विचारलंयत ना, मग स्मार्टवॉच कशाला, त्याचा पट्टा दोन महिन्यांत तुटतो आणि वस्तू ड्रॉवरमध्ये जाते. त्यापेक्षा बुद्धिबळाचा टूर्नामेंट साइजचा, म्हणजे स्पर्धेत असतो तेवढा मोठा सेट द्या. बहुतेक घरात तो घडीचा मॅग्नेटवाला छोटा पट असतो, प्रवासात ठीक आहे पण स्पर्धेला गेल्यावर मोठा पट समोर आला की पोरं गांगरतात, नजरेला सवयच नसते. घेताना राजाची उंची साधारण साडेनऊ सेंटीमीटर आणि पटावरचं एक घर साडेपाच-सहा सेंटीमीटरचं बघा, पट गुंडाळता येणारा रेक्झिनचा घ्या आणि सोंगट्या तळाला वजन भरलेल्या, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानेही पडतात. लाकडी सेट दिसतो भारी पण तो शोकेसमध्येच बसतो. चालींची वेळ मोजणारं बुद्धिबळाचं घड्याळ बजेटमध्ये बसणार नाही बहुतेक, ते आजोबांच्या खात्यावर टाका :)

आणि इथे दुसऱ्या कोणीतरी भेट सरप्राइजच हवी असं म्हटलंय, ते या वयात नको हो. कपडे-बूट तर अजिबात नको, साइज दर चार महिन्यांनी बदलते. सरळ त्यालाच फोन करून विचारा, आईला नाही, आई "काही नको, खूप पसारा आहे" एवढंच सांगणार. भाची असती तरी हेच सांगितलं असतं, २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ती १९ वर्षांचीच होती. बिल मात्र जपून ठेवा, एखादा उंट कमी निघतोच.