शुगर असलेल्या लेकरासाठी घरात कुत्रं पाळावं का?

लातूरची आई: मुलगी 9 वर्षांची, टाइप 1 डायबेटिस. निदान झाल्यापासून गप्प गप्प राहायची, बोट टोचायचं म्हटलं की पांघरुणात तोंड लपवायची. चाकूरकडून कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. आता आधी स्वतःची शुगर, मग पिल्लाची दूध-भाकर, हा नियम तिनंच केलाय. मीटर हातात घेतलं की पिल्लू शेपूट हलवत ताटलीपाशी जाऊन बसतं. सासरचे म्हणतात, आजारी लेकराच्या घरात कुत्रं कशाला? माझं मत, असावं.

बीडचे काका: ताई, राग मानू नका, मी विरोधात आहे. स्ट्रिप्स, सुया, इन्सुलिन, त्यात कुत्र्याच्या लसी. आणि लळा लागलेलं जनावर दगावलं तर? इन्सुलिन घेऊन लेकरू रुसून जेवलं नाही तर शुगर झरझर उतरते. मी पुतण्याचं पाहिलंय.

परभणीची नर्स: काकांची भीती खरी आहे. पण अमेरिकेत डॅलसला 10 ते 17 वयाच्या मुलांना मासे पाळायला दिले होते. माशांना खाऊ घालायच्या वेळेलाच शुगर तपासायची. तीन महिन्यांत त्यांचं एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, सरासरी अर्ध्या टक्क्यानं उतरलं, 2015 चा अभ्यास आहे. लहान गट होता आणि मासे होते, कुत्री नव्हे. तरी ताईंच्या लेकीनं नेमकं तेच केलंय.

नांदेडकर: कुत्र्याला वासावरून शुगर कमी झालेली कळते म्हणतात. मग रात्री उठून तपासायची गरज काय?

परभणीची नर्स: दादा, असं अजिबात करू नका! ती खास शिकवलेली कुत्री असतात, त्यांचेही अंदाज चुकतात. भरवसा मीटरवरच. उलट पिल्लामागं संध्याकाळी खूप पळापळ झाली तर शुगर रात्री झोपेतही उतरू शकते. त्या दिवशी झोपताना नक्की तपासा, खेळताना खिशात ग्लुकोज ठेवा. 70 च्या खाली गेली की लगेच द्या, 15 मिनिटांनी परत बघा. दात किंवा नख लागलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. पिल्लाला रेबीजची लस झाली का, ताई?

लातूरची आई: तीन महिन्यांचं झालं की द्यायला सांगितलीय, पुढच्या आठवड्यात नेते.

बीडचे काका: मग मासेच पाळा की. चावायची भीती नाही, खर्चही कमी.

लातूरची आई: काका, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आमचं. उन्हाळ्यात माशांची टाकी कशानं भरू?