फ्रेडी मर्क्युरी: पाचगणीची शाळा आणि गीतलेखन

प्रश्न (खानापूर): आमच्या वाचनालयात क्वीन या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावर मला मराठीत बोलायचे आहे. पाचगणीच्या शाळेचा त्यांच्या संगीताशी कितपत संबंध जोडावा, आणि बँडची कोणती गाणी खरोखर त्यांनी लिहिली?

उत्तर (निपाणी): संबंध निश्चित आहे, मात्र तो ताणू नये. झांझिबारमध्ये १९४६ साली पारशी कुटुंबात जन्मलेले फर्रोख बलसारा, म्हणजेच पुढचे फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकले आणि तेथील ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये वाजवत असत. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले, आणि पुढे त्यांनी ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले. क्वीनचे बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव): गाण्यांच्या बाबतीत हमखास घोळ होतो. ‘वी विल रॉक यू’ हे गिटारवादक ब्रायन मे यांचे, तर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बँडचे बेस गिटारवादक जॉन डीकन यांचे. मर्क्युरींची खरी ताकद पाहायची तर १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घ्यावे: जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्यात नेहमीचे ध्रुवपद नाही, पियानोवरचा संथ भाग, मग आवाजांचे थर चढवून रचलेला ऑपेरा, आणि त्यानंतर एकदम कडक रॉक. आपल्याकडच्या श्रोत्यांना, ज्यांचा कान ध्रुवपदाकडे परतण्याची वाट पाहतो, हे आधी सांगितलेले बरे.

उत्तर (निपाणी): सहमत. अखेरच्या आजाराबद्दल मोजकेच बोलावे: एड्स झाल्याचे त्यांनी २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. उरलेला वेळ गाणी ऐकवण्यासाठी ठेवावा.