लेखक शाळेत आला म्हणून मुलं लिहायला लागतात का?

दौत: परवा मुलीच्या शाळेत एका लेखकांना बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत होते. दीडशे मुलं, एक माईक. भरपूर वाचा, रोज डायरी लिहा, मग टाळ्या, सह्या, फोटो. घरी आल्यावर लेकीला विचारलं, काय लिहावंसं वाटलं? म्हणाली, "त्यांचा शर्ट मस्त होता." असल्या भेटींतून एकही मूल लिहितं होत नाही, असं माझं मत झालंय. तोच तास भाषेच्या बाईंना द्या.

खोडाखोड: तुम्ही भाषण पाहिलंत, भेट नाही. मी लिहिते, शाळांतही जाते. माईक घेत नाही. माझ्याच कथेचं पहिलं पान नेते, निम्मं काट मारलेलं. छापील पुस्तक पाहिलं की मुलांना वाटतं, हे असंच उतरलं असणार. खाडाखोड दिसली की हात सैल होतात. एका मुलाने लिहिलं होतं, "आजोबा गेले. मला खूप दुःख झालं. तेव्हा मी पत्ते खेळत होतो." मी फक्त शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. त्याने वर पाहिलं आणि मधलं वाक्य स्वतःच खोडलं.

लालशाई: छान. आणि दुसऱ्या दिवशी? तुम्ही गेलात, चाळीस वह्या माझ्या टेबलावर. ऱ्हस्वदीर्घ मी सुधारायचं आणि खडूस मीच ठरायचं! पाहुण्याला "चुका होऊ द्या" म्हणणं सोपं असतं. परीक्षेत तीच चूक झाली की गुण माझ्या हातून जातात.

उनाडपान: बाई, तक्रार रास्त आहे, पण ती पाहुण्यावर का? केनेथ कोक हा अमेरिकी कवी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या पी.एस. ६१ या प्राथमिक शाळेत कविता शिकवायचा. एक साधा खेळ: प्रत्येकाने 'मला हवंय की...' अशी इच्छेची एक ओळ लिहायची, मग सगळ्या ओळी एकत्र वाचायच्या. शुद्धलेखनाची चिंता करू नका म्हणायचा. मुलं धडाधड लिहायची.

लालशाई: अहो, तुम्हीच माझी बाजू मांडलीत! तो परत परत जायचा. एक दिवस हार घालून घेऊन निघून गेला नाही.

उनाडपान: हे मान्य. एकदाच जाणं म्हणजे बी टाकून पाणी न घालणं.

खोडाखोड: मग परत बोलवा ना! पुन्हा यायचं म्हटलं की मानधनाचा विषय निघतो आणि फोन थंडावतो. "तुमची पुस्तकं खपतील की" हे उत्तर तर पाठ झालंय. (प्लंबरला कुणी असं म्हणत नाही.)

दौत: मानधनाचं डोक्यातच आलं नव्हतं. पण दीडशे मुलांच्या वह्यांत रेघ मारणार कधी? एका वर्गापुरतं यायला तयार असाल, तर मी शाळेत विचारते. बाकीच्या वर्गांचे पालक भांडायला येतील, ते वेगळंच.