साक्रीचा सोलर ‘उन्हाच्या तडाख्याने’ चालतो म्हणे!

पांझराकाठ: धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या सौर वीज प्रकल्पावर गटात फिरणारी पोस्ट: ‘खानदेशात पारा ४४, म्हणून मे महिन्यात साक्रीचा सोलर सर्वांत जोरात.’ अरे, पॅनल म्हणजे पाण्याचा बंब आहे का? वीज उजेडाने होते, उष्णतेने नाही. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात, सिलिकॉनच्या दोन थरांच्या जोडावरचं विद्युतक्षेत्र त्यांना एका बाजूला लोटतं. तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह; इन्व्हर्टर त्याचा एसी, म्हणजे घरात येतो तसा दिशा बदलणारा प्रवाह करतो. उलट पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. दुपारी पॅनल ६५ ला गेलं तर करा हिशोब.

बॅटरीवाला: केला. १६ टक्के गेले. पण डिसेंबरचा दिवस केवढा आणि मेचा केवढा? डिसेंबरचं ऊनही तिरपं. महिन्याची युनिटं मोजा, मे पुढेच. पोस्टवाल्याचं कारण चुकलं, उत्तर नाही. थिन फिल्मच्या, म्हणजे पातळ थराच्या पॅनलला तर घट आणखी कमी.

पांझराकाठ: उत्तर बरोबर, रीत चूक. आमचे मास्तर शून्य द्यायचे.

कापूसवाला: तुमचं चालू द्या. साक्रीचा हा शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि माझा बाप अजून रात्री दोनला मोटार चालू करायला जातो. गेल्या हिवाळ्यात बांधावर बिबट्या बसलेला. सोलर दिवसा, आमची पाळी रात्री!

बॅटरीवाला: साक्रीची वीज ग्रीडला, म्हणजे सगळ्यांच्या वीजजाळ्यात जाते; तुमच्या डीपीला, शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरला वायर नाही जोडलेली. दिवसा विजेसाठीच सौर कृषी वाहिनी योजना आली ना, २०१७ ला?

कापूसवाला: आली. आमच्या फीडरवर, म्हणजे आमच्या भागाच्या वीजवाहिनीवर यायची आहे.

शिंदखेडेकर: आणि जमिनीचं कोण बोलणार? दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यापायीच विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. सोलरच्या एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, ते आभाळातून पडत नाहीत.

बॅटरीवाला: म्हणून तर सौर कृषी वाहिनीच्या नव्या योजनेत भाडेपट्टा आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. जमीन नावावरच राहते.

शिंदखेडेकर: पुण्यात बसून सातबारा शिकवू नका. आमच्या भावकीत सहा नावं आहेत, सव्वा लाखाचे तुकडे तुम्ही येऊन पाडा.

बॅटरीवाला: पुण्यात नाही, निजामपूरला राहतो. वाटणीचं मात्र खरं आहे, आमच्याकडेही त्यावरून बोलणं बंद आहे.

पांझराकाठ: धागा पॅनलच्या तापमानाचा होता.

कापूसवाला: तापमान आमचंच वाढलंय, भो. दोनला लाईट येईल, निघतो.