पत्राही तेवढाच सिग्नल देतो, मग स्मार्ट परावर्तक कशाला?

अर्धीलांबी:
5.8 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी हव्या त्या दिशेला वळवणारा, 16×16 सेलचा (छोट्या चौकोनांचा) परावर्तक बोर्ड बनवलाय. प्रत्येक सेलला एक पिन डायोड, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच; परतणाऱ्या लहरीची फेज (लहर किती मागेपुढे सरकते ते) 0° नाहीतर 180°, मधलं काही नाही. काटकोनात वळणाऱ्या कॉरिडॉरच्या कोपऱ्यात 45° वर उभा केला, एकीकडे ट्रान्समीटर, दुसरीकडे रिसीव्हर, दोन्हीकडे 15-15 मीटर. सिग्नल वाढला. पण त्याच जागी त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा धरला तर तो एक डीबी (डेसिबल) जास्तच देतो! चार महिने डायोड चिकटवत बसलोय हो. शिवाय लांबून, अगदी समोरून हॉर्न अँटेना लावून बीम (लहरीचा झोत) 30° ला वळवला, की तेवढाच तगडा दुसरा बीम −30° ला. कोड चुकलाय का?

चिमटा:
फेजच्या सूत्रातलं चिन्ह बघा. माझं एकदा उलटं पडलं होतं.

जुनाहॉर्न:
चिन्ह उलटं असतं तर बीम दुसऱ्या बाजूला गेला असता, दोन झाले नसते. 0° आणि 180° म्हणजे +1 आणि −1. लांबून समोरून आलेली लहर सगळ्या सेलना एकाच फेजमध्ये भेटते, आणि नुसत्या +1, −1 ला डावं-उजवं कळत नाही. हॉर्न जवळ आणा. लहर गोलाकार पोचेल, सममिती मोडेल. पुढचा बोर्ड दोन बिटांचा करा, म्हणजे सेलला दोनऐवजी चार फेज. एका बिटात साधारण 3.9 डीबी जातात, दोनात 0.9.

आता पत्रा. 45° च्या कोपऱ्यात तो आयता आरसा आहे! तिथे तुमचा कोड सगळ्या सेलना जवळपास एकच फेज देणार. म्हणजे बोर्डाचा पत्राच झाला, वर डायोडचा लॉस. शर्यतच चुकीची लावलीत. रिसीव्हर आरशाच्या रेषेतून हलवा, मग बोला.

जागाही बदलून बघा. सिग्नलचं नुकसान ट्रान्समीटर ते बोर्ड आणि बोर्ड ते रिसीव्हर या दोन अंतरांच्या गुणाकाराच्या वर्गाने वाढतं: 15 गुणिले 15 म्हणजे 225, 7 गुणिले 23 म्हणजे 161. एकही डायोड न बदलता जवळपास 3 डीबी हातात. फक्त साडेसहा मीटरच्या आत गेलात तर लहर सपाट धरू नका, बोर्ड 41 सेंटिमीटरचा आहे. प्रत्येक सेलचं अंतर वेगळं मोजा.

अर्धीलांबी:
रिसीव्हर बाजूच्या खोलीत तीन मीटर आत नेला. पत्र्याचा सिग्नल नॉइजमध्ये बुडाला, बोर्डाने धरून ठेवला! मात्र अकराव्या ओळीतले दोन सेल हलतच नव्हते. मल्टिमीटर लावला, तर डायोड उलटे बसवलेत.